काठावर नसलेले नाव

लिब्रादा गेली, हे मला तिच्याच मर्तिकासाठी न्यायला आलेल्या पोरांकडून कळले.

सकाळी कॉलेजमधल्या आमच्या संघाच्या खोलीचे कुलूप उघडले. जेरिक आणि त्याचे तीन सोबती आत आले. त्यांनी माझ्यात कोंबलेले जुने फलक बाहेर फेकले आणि माझ्या दोन्ही कड्यांतून बांबू घातला. मला वाटले, नदी चढली असेल.

एकाने विचारले, “कुठे न्यायची?”

“मानाय लिब्रादाकडे,” जेरिक म्हणाला. मानाय म्हणजे थोरली ताई.

“बरं झालं. ती असली की आपल्याला नुसतं वाढायचं काम.”

जेरिक बांबूची गाठ आवळत म्हणाला, “अरे, तीच गेली काल. तिच्याच घरी माणसं जमलीत.”

मग तोच पोरगा म्हणाला, “मग रांधणार कोण?”

मित्रांनो, तिच्या मरणावर माझ्या कानी पडलेला पहिला प्रश्न हा होता. मी लोखंडाची आहे. मला रडता येत नाही. पण तापता येते, आणि त्या दिवसापासून मी चुलीवाचून तापलेली आहे.

मी एक जुनी काहील आहे. फिलिपिन्समधल्या बिकोल नदीच्या काठी आमचे गाव आहे. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या भंगारातून मला ओतले. पहिली काही वर्षे मी एका खाटकाकडे होते. डुकरांचे केस काढण्यासाठी माझ्यात पाणी उकळत असे. त्या कामाची मला लाज नाही. तिथे कोणी माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत नव्हते, हे मात्र खरे.

मग एका वर्षी मोठा पूर आला. कॉलेजातल्या काही मुलांनी लोकसेवेसाठी एक बंधुसंघ काढला होता. ते एकमेकांना ‘ब्रॉड’ म्हणत, म्हणजे भाऊ. त्यांनी खाटकाकडून मला आणले आणि शाळेच्या अंगणात तीन दगडांवर चढवले. त्यांचा म्होरक्या सेवेरिनो ब्वेनाओब्रा, तेव्हा कायद्याचा विद्यार्थी. काडीसारखा बारीक आणि बोलायला पुढे. शाळेत छपरांवरून उतरवून आणलेली माणसे भिजून बसली होती. या मुलांना भाषण येत होते, ओझे उचलता येत होते, पण इतक्या माणसांची पेज त्यांनी जन्मात केली नव्हती. तांदूळ खाली लागला आणि वर कच्चा राहिला. वास सगळ्या अंगणात पसरला.

तेव्हा एक मुलगी गर्दीतून पुढे आली. ती कॉलेजच्या फाटकाशी तांदळाच्या वड्या विकत असे. तिचे स्वतःचे घर पाण्यात होते. माझ्यात डोकावून ती म्हणाली, “पेज करताय की रस्त्याचं डांबर? व्हा बाजूला.”

ती लिब्रादा. तिने ढवळायला काही मागितले, तर नावाडी क्रिसांतोने आपले मोडके वल्हे धुऊन पुढे केले. पुढे त्या वल्ह्यानेच मला आयुष्यभर ढवळले, आणि ते वल्हे देणाऱ्याशी तिने लग्न केले. त्या दिवशी तिने आले ठेचले, लसूण परतला, नारळाचे दूध घातले आणि पेज सारखी केली. क्रिसांतोने ती होडीतून घरोघरच्या छपरांपर्यंत नेली. ब्रॉड वाढत होते. शेवटी सगळे माझ्याभोवती बसून खरवड खात हसले. ते हसणे खरे होते. मी त्याची साक्षीदार आहे.

त्याच दिवशी दोन प्रथा पडल्या. पहिली अशी, की ज्याने पुरात पहिल्यांदा सेवा केली त्याचे नाव खिळ्याने माझ्या काठावर ठोकायचे. दुसरी सेवेरिनोने होडीत बसून ठरवली. कोणी ब्रॉड मेला, तर मला त्याच्या शवपेटीपाशी न्यायचे, पालथे घालायचे आणि वल्ह्याने तीनदा वाजवायचे. मग एकाने त्याचे नाव घ्यायचे आणि बाकीच्यांनी म्हणायचे, “हजर.” मेलेल्याला ओ देता येत नाही, म्हणून त्याची ओ आपण द्यायची.

मला ही प्रथा फार आवडली होती. माणसांनी माझ्याकडून करून घेतलेल्या कामांत पेज सोडली तर हेच चांगले होते.

नावे वाढत गेली. पुढे संघात मुलीही आल्या, त्यांचीही नावे माझ्या काठावर आहेत. काही जण एकाच पुरात दिसले आणि पुन्हा आले नाहीत, त्यांचीही आहेत. एक तर हातात पळी धरून फोटो काढून गेला. त्याचेही नाव आहे, आणि चांगले खोल ठोकलेले आहे. लिब्रादाचे नाव नाही. ती कॉलेजात शिकली नव्हती. तिला कोणी नाही म्हटले नाही, मित्रांनो. कोणाच्या मनातच आले नाही. ती चुलीपाशी असायची, जशी लाकडे असतात.

प्रत्येक पुरात ती आली. पोटुशी असताना आली. मूल गेले त्या वर्षीही आली. काम झाल्यावर सगळे निघून जात, तेव्हा ती नारळाच्या काथ्याने आणि राखेने मला घासत बसे. घासताना माझ्याशी बोले. “तुझं बूड माझ्या सासूच्या मनापेक्षा काळं आहे गं,” असे म्हणे आणि स्वतःच हसे. क्रिसांतो होडी बांधून तिची वाट बघत पायरीवर बसे.

आता मर्तिकाचे सांगते.

मला तिच्या अंगणात आणून ठेवले. पेटी घरात पुढच्या खोलीत होती. शेजारची मानाय पुरा आणि इतर बायांनी माझ्यावर ताबा घेतला, म्हणून पेज धड झाली. बाहेर बाकांवर माणसे पत्ते खेळत, कॉफी पीत बसली होती. इतक्यात ब्रॉडनी कुंपणावर एक मोठा फलक बांधला. त्यावर संघाची अक्षरे ढोपराएवढी. खाली ‘शोक’ लिहून तिचे नाव बारीक अक्षरांत. आणि मध्ये एका पुराचा फोटो. त्यांच्याकडे तिचा एकही फोटो नव्हता, कारण ती कायम वाफेच्या मागे असायची. या फोटोत पुढे दात दाखवणारे ब्रॉड होते आणि कडेला तिचा कोपर दिसत होता. फक्त कोपर.

क्रिसांतो बाहेर आला. त्याने फलक पाहिला. मानाय पुरा त्याला म्हणाली, “बघ रे, कोपराला श्रद्धांजली आहे.” तो हसला नाही, रागावलाही नाही. निदान तेव्हा तरी नाही. त्याला तिथे कशातच गोडी नव्हती. त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती देणारा माणूस अजून यायचा होता.

दुपारी सेवेरिनो आला. आता तो मोठा वकील आहे आणि अंगाने भरला आहे. पोरे त्याच्यासाठी उभी राहिली. तो पेटीपाशी जाऊन आला, क्रिसांतोच्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्याजवळच्या खुर्चीत बसला. म्हणून पुढचे सगळे मी ऐकले.

क्रिसांतो म्हणाला, “सेवेर, उद्या तिला नेतील. त्याआधी काहील पालथी घाल आणि एकदा तिचं नाव घे. पोरांनी ओ द्यावी. मला दुसरं काही नको.”

वकील त्याला मानोय, म्हणजे दादा, म्हणत असे. “मानोय, ती हाक फक्त ब्रॉडसाठी असते. मलाही वाईट वाटतं. पण नियम काही मी एकटा बदलू शकत नाही.”

“केलास मात्र एकट्याने. माझ्या होडीत बसून. तेव्हा तुझ्या तोंडात तिचा घास होता.”

पत्ते खेळणारे थांबले. मानाय पुरा माझ्यात वल्हे फिरवत म्हणाली, “आज तोंड रिकामं आहे ना, म्हणून नियम सुचतायत.”

वकील अगदी शांत राहिला. शांत राहण्याचाच त्याचा धंदा आहे. त्याने सांगितले, की पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक आहे. तिथे तो विषय काढील. एक सन्मानचिन्ह द्यावे, एखाद्या उपक्रमाला तिचे नाव द्यावे. आज एकीला हाक मारली, तर उद्या खानावळवाली, धोबीण, फाटकावरचा पहारेकरी, सगळ्यांचे नातेवाईक उभे राहतील. मग ब्रॉड असण्याला अर्थ काय उरला?

क्रिसांतो म्हणाला, “ती उद्या मातीत जाणार. पुढच्या महिन्यात हाक कोणाला मारणार आहेस, चिन्हाला?”

सेवेरिनो उठला. घड्याळ बघितले, काम आहे म्हणाला.

आमच्याकडे मर्तिकाच्या घरचा माणूस पाहुण्याला पोचवायला जात नाही. जागेवरूनच निरोप देतो. पोचवायला गेले, तर मरण त्या पाहुण्याच्या पाठीमागे त्याच्या घरी जाते, असे सगळे मानतात. लहान पोरालाही हे ठाऊक असते.

क्रिसांतो उठला आणि म्हणाला, “चल सेवेर, तुला पोचवतो.”

वकील मोठा शिकलेला, पण त्याचे पाय अडखळले. “राहू दे मानोय, बस तू,” असे तो दोनदा म्हणाला. क्रिसांतो त्याच्या शेजारून चालत राहिला. अंगणातून, फलकाखालून, थेट फाटकापर्यंत गेला, आणि त्याच्यासाठी फाटक उघडून धरले. एका बाईने क्रूसाची खूण केली. कोणी क्रिसांतोला अडवले नाही. मला वाटते, बऱ्याच जणांना ते मनातून बरे वाटले. मला तर वाटलेच.

दुसऱ्या दिवशी तिला नेले. मी अंगणात उताणी पडून होते. कोणी वाजवले नाही, कोणी ओ दिली नाही.

पोरे मला न्यायला आली, तेव्हा क्रिसांतोने होडीची साखळी माझ्या कड्यांतून ओवून नारळाच्या झाडाला कुलूप लावले होते. “बैठकीत ठरू दे,” एवढेच तो म्हणाला. बैठक झाली, पण दुसऱ्याच विषयांवर.

पावसाळा संपता संपता वादळ आले आणि नदी चढली. जेरिक आणि त्याचे सोबती कमरेएवढ्या पाण्यातून आले. शाळा माणसांनी भरली होती, लेकरे उपाशी होती. जेरिकने तांदूळ आहे, चुली आहेत, फक्त काहील नाही, असे सांगितले. क्रिसांतो दारात बसून होता. मित्रांनो, मी मनात म्हणत होते, देऊ नकोस. कळू दे यांना एकदा. मी तापले होते ना. पण उपाशी लेकरांनी काय केले होते? एवढे त्या म्हाताऱ्याला कळत होते, मला कळत नव्हते.

त्याने कुलूप काढले. “काहील देणार नाही,” तो म्हणाला. “काहील घेऊन मी येणार.”

त्याने मला होडीत घातले आणि स्वतः वल्हवत नेले. शाळेत गेलो तर काय, फलक आधीच तयार! लेकरांना रिकामे वाडगे देऊन त्याखाली ओळीने उभे केले होते. चूल पेटायच्या आधी फोटो हवा होता, कारण नंतर उजेड गेला असता. चुलीसाठी रचलेली लाकडे मात्र उघड्यावर भिजत होती.

क्रिसांतोने फलकाच्या दोऱ्या सोडल्या. कोणी काही बोलायच्या आत तो लाकडांवर अंथरला, अक्षरे खाली आणि पांढरी बाजू वर. मग जेरिककडे वळून म्हणाला, “आता हा पहिल्यांदा कामाला आला. वल्हं घे. आणि तळापासून फिरव, वर कुरवाळू नकोस.”

जेरिकने वल्हे घेतले. पेज थोडी लागली, खारटही झाली, पण लेकरांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. त्या दिवशी पोरांनी खरे काम केले. मी रागात असले, तरी खोटे सांगणार नाही.

शेवटी खिळा आणि हातोडा निघाला. त्या पुरात पहिल्यांदा आलेल्यांची नावे ठोकून झाली. जेरिक खिळा हातात धरून घुटमळला. मग तो क्रिसांतोपाशी आला. “मानोय, मानायचं नाव तुम्ही ठोका. आम्ही कोणी काही म्हणणार नाही.”

क्रिसांतोने हात पुढे केला नाही. “मी ठोकलं, तर ते तिच्या नवऱ्याने ठोकलेलं होईल. माझ्याकडे तिचं नाव आहे. ते मला ठोकून ठेवायची गरज नाही. तुमच्याकडे नाहीये. तुम्ही ठोका.”

सगळे जेरिककडे बघत होते. त्याने खिळा माझ्या काठावर टेकवला. त्याचे टोक मला लागले. हातोडा वर गेला, आणि तिथेच थांबला.

“एकदा वकीलसाहेबांना विचारून घेतो,” तो म्हणाला.

खिळा त्याच्या खिशात गेला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुम्हीही सेवा कराल. करा. पण आधी चूल पेटवा, मग फोटो काढा, किंवा काढूच नका. जो भांडे घासायला मागे राहतो, त्याचे नाव त्याच्या जिवंतपणी विचारा. आणि बरोबर काय ते कळल्यावर कोणाला विचारायला जाऊ नका.

त्या पुरानंतर मला कोणी घासलेले नाही. क्रिसांतोच्या अंगणात, नारळाखाली मी पडून आहे. लिब्रादाचे नाव माझ्या काठावर अजून ठोकलेले नाही. तिला अजून कोणी हाक मारलेली नाही.