पुलावरचा फोन

माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं बावीस वर्षं एकच भांडण चाललं होतं. दादा सिनेमे लिहायचा, मी ते कापायचो. एडिटर आहे मी. एडिटरला तसेही सगळे लेखक पाल्हाळिक वाटतात. त्यात सख्खा भाऊच लेखक म्हणजे घरचंच दुखणं.

या वेळचा सिनेमा दांडगा होता. त्यात एक पूल उडतो. त्यासाठी चांगला खराखुरा पूल बांधला होता, आणि त्या पैशात आमच्या सात पिढ्या लोळत जगल्या असत्या. पुलावर एका ट्रकमध्ये हिरोचा मोठा भाऊ अडकलेला असतो. पूल उडायच्या आधी तो हिरोला फोन करतो. आपण आता मरणार हे त्याला कळलेलं असतं, पण ते तो सांगत नाही, इकडचं तिकडचं बोलत राहतो. पडद्यावर दिसतो तो फक्त फोन कानाला लावून ऐकणारा हिरो. या प्रसंगावर दादाचा फार जीव होता.

"लोक पूल पडताना बघायला येतात, दादा," मी म्हणायचो. "फोनवरच्या गप्पा त्यांना घरी फुकट मिळतात."

"पुलावर कोण आहे ते माहीत नसेल, तर पूल पडला काय नि राहिला काय," तो म्हणायचा. "चार दगड पाण्यात पडले, एवढंच."

"त्या चार दगडांवरच तुझं घर चालतं."

यावर तो नुसता हसायचा. ते हसणं माझ्या डोक्यात जायचं.

गंमत म्हणजे, भाऊ फोनवर नेमकं काय बोलतो ते दादाने कागदावर लिहिलंच नव्हतं. 'मोठा भाऊ फोन करतो, गप्पा मारतो' एवढीच ओळ. शूटिंगच्या वेळी ते खपून गेलं, कारण हिरोला नुसतं ऐकायचं होतं. "लिहिलं की लिहिल्यासारखं वाटतं रे," दादा म्हणाला, "मी बोलूनच बघतो." आमच्यात तशी पद्धतही आहे. नट डबिंगला येईपर्यंत एडिटिंगच्या खोलीतलंच कोणीतरी तात्पुरता आवाज देतं, त्याला आम्ही कच्चा आवाज म्हणतो. नंतर त्यावरूनच संवाद उतरवून नटाच्या हातात द्यायचे, असं ठरलं.

तर एका दुपारी दादा माझ्या खोलीत आला. माइकसमोर बसला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि पडद्यावरच्या हिरोकडे बघत बोलायला लागला. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. समोरच्या एका पडद्यावर त्याच्या आवाजाची रेघ वरखाली होत होती, ती लाल पट्ट्यात जात नाही ना, एवढ्यावरच माझं लक्ष. दुसऱ्या पडद्यावर मी माझं काम करत होतो. कानांवर हेडफोन होते आणि त्यांत पूल उडत होता. आम्ही एडिटर लोक आवाज डोळ्यांनीच वाचतो. श्वास कुठे घेतला, कुठे अडखळला, वाक्य कुठे संपलं, सगळं त्या रेघेत दिसतं. काय बोलला, तेवढं दिसत नाही.

रेघ सरळ झाली तेव्हा मी हेडफोन काढले. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

"झालं?" मी मागे न बघताच विचारलं.

"झालं," दादा म्हणाला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ ठेवला, आणि गेला. मला वाटलं, उठायला आधार घेतला असेल.

पुढच्याच आठवड्यात निर्मात्याने सिनेमा लांबतोय म्हणून बोंब मारली. मी एका झटक्यात तो फोन काढून टाकला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. बावीस वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो. दादाला कळलं तेव्हा तो आला आणि दारातच उभा राहिला.

"काढलास?"

"काढला. लांब होता."

"एकदा ऐकलास तरी का?"

"ऐकला म्हणून तर काढला," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. नेहमीसारखा वाद घालेल म्हणून मी पवित्र्यात होतो. पण तो म्हणाला, "ऐकलास ना? मग ठीक आहे." आणि निघून गेला. मी वर त्याला मनात दोन शिव्याही घातल्या, वाद घातला नाही म्हणून.

नंतर स्फोटांचे नवे शॉट्स आले. एकेक शॉट म्हणजे ही भली मोठी फाइल. हार्ड डिस्क गच्च भरली. सिनेमात न वापरलेलं सगळं मी निवडलं आणि पुसून टाकलं. बॅकअपचं मशीन असतं, पण ते इकडे जे असेल तेच तिकडे ठेवतं. इकडचं गेलं की आठवड्याने तिकडचंही जातं. अशी सफाई मी शंभरदा केली असेल.

त्यानंतर अकरा दिवसांनी दादा गेला. दाढ काढायला गेला होता, नंबर यायची वाट बघत बाकावर बसला होता. बसल्याबसल्याच हार्ट अटॅक आला. शेजारच्याला वाटलं, डुलकी लागली.

महिनाभराने आम्ही सिनेमा दीडशे अनोळखी लोकांना दाखवला. थिएटरमध्ये मी मागे उभा होतो. पूल उडाला तेव्हा पायाखालची जमीन थरथरली, आणि माझ्या पुढच्या रांगेतली बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिच्या शेजारचा जांभई देत होता. शेवटी सगळ्यांकडून कागद भरून घेतले. 'स्फोट भारी' असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. आणि खाली, कितीतरी जणांनी: पुलावर मेला तो कोण? हिरो एवढा का ओरडतो?

दिग्दर्शक म्हणाला, "तो फोन परत टाक."

बावीस वर्षांत पहिल्यांदा हरल्याचा मला आनंद झाला. वाटलं, आत्ताच फोन लावावा आणि म्हणावं, जिंकलास बाबा. मग आठवलं. मग दुसरंही आठवलं. मी धावत खोलीत गेलो. डिस्क धुंडाळली, बॅकअप धुंडाळला, असल्या फायली परत मिळवून देणाऱ्या दोघांना बोलावलं. त्यांनी तीन दिवस डोकं फोडलं. शूटिंगच्या मूळ फायली वेगळ्या ठेवलेल्या असतात, त्यांत हिरोचा चेहरा होता, अख्खा, तीन मिनिटं चाळीस सेकंद. आवाज नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. माझ्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या.

"दिग्दर्शकांनी फोन केला होता," त्या म्हणाल्या. "ह्यांचा प्रसंग परत घेतलाय म्हणे."

"हो."

"मला एकदा ऐकवाल का, भाऊजी? घरात ह्यांचा आवाजच नाही हो. सगळे व्हिडिओ ह्यांनीच काढलेले. त्यात आम्ही बडबडतोय आणि हे गप्प."

मी उगाच समोरची बटणं दाबत बसलो. वहिनी बोलतच होत्या. "त्या दिवशी घरी आले ते काय खुशीत होते. म्हणाले, आज धाकट्याशी सगळं बोललो. सिनेमाच्या निमित्ताने बोलून घेतलं, एरवी तो कुठला ऐकतोय. म्हणाले, पठ्ठ्याने पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं नाही. पाठ करून बसला होता, बहुतेक रडत असावा."

मी त्यांना सांगितलं. सफाई, बॅकअप, सगळं. सांगताना माझा आवाज फाटला, आणि मला स्वतःचीच किळस आली.

वहिनी डोळे पुसून म्हणाल्या, "असू दे. तुम्ही काय मुद्दाम केलंत का? आवाज गेला तर गेला. ते काय बोलले, ते तर तुम्हाला आठवत असेल. मला नाही सांगितलं ह्यांनी. ते आमचं दोघांचं आहे, म्हणाले. पण आता तुम्ही सांगा. जमेल तसं सांगा."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली.

"वहिनी, मी ऐकलंच नव्हतं."

"एखादं वाक्य तरी?"

"एकही नाही."