ॲलर्जीचं बारसं

आमच्या ह्यांना खोकला लागला, तर कंपनीच्या डॉक्टरनं मान वर न करता त्याचं बारसं केलं. म्हणे, ॲलर्जी! हे बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीवर असे खुशीत आले, जसा काय बोनस झाला. "काय नाय गो रूपाली, नुसती ॲलर्जी हाय."

माझ्या सासूबाईंनी, रंगूबाईंनी, लगेच ताबा घेतला. ॲलर्जी म्हणजे खाण्यातलंच काहीतरी, हे त्यांनीच ठरवलं. वांगी बंद, सुकट बंद, आंबट बंद. शेजारणी बघायला यायच्या आणि जाताना अजून एक पदार्थ बंद करून जायच्या. माणूस वाळत चालला, खोकला मात्र धष्टपुष्ट! पाळीभर केमिकलच्या वाफेत उभे राहतात, त्याचं कोणी नाव घेईल तर शपथ.

भातलावणीला सुट्टी टाकून पोलादपूरकडं गावी गेलो. तिथं पथ्य कोण पाळतो? सुकट, वांगी, शेतातले मुठे खेकडे, सगळं ताट पुसून खाल्लं. दिवसभर चिखलात, पावसात भिजले, पण खोकला नाय. सासूबाई म्हणाल्या, "गावदेवी पावली माझ्या दीपेशला." बिरवाडीला आलो, कामावर गेले आणि पहिल्याच संध्याकाळी दारात धापा टाकत बसले. माझं डोकंच फिरलं.

ओढतच नेलं महाडला, छातीच्या डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी आधी विचारलं, "काम काय करता?" इतक्या महिन्यांत हे विचारणारी ही पहिलीच! सगळं ऐकून, तपासून त्या म्हणाल्या, "हा कामामुळे झालेला दमा आहे. वाफेपासून लांब व्हा, नाहीतर फुप्फुसं कायमची जातील. तसं लिहून देते."

मला हायसं वाटलं. हे मात्र पांढरेफटक पडले. "बाई, 'कामामुळे' नका लिहू. मी कंत्राटी हाय. उद्या गेटवरनंच परत पाठवतील. ॲलर्जीच लिवा."

"कशाची लिहू ॲलर्जी?" बाई चिडल्या.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खुशाल सांगितलं, "हिच्या फोडणीची."

बाईंनी ते काय लिहिलं नाय. मी रस्त्यावर येईपर्यंत दम धरला, मग सुटले. "अवो, लाज वाटते काय? जीव जाईल तुमचा त्या वाफेत! माझी फोडणी सापडली होय तुम्हाला?"

हे हसले. "उगाच घाबरतेस. ॲलर्जीनं कोण मरतं काय गो?"

एवढं बोलायला त्यांना मध्येच विजेच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं.