शेवटच्या लढाईत वायर कोण उपटतं?

मित्रांनो, मी गेम खेळण्याचा एक जुना, रंग उडालेला कंट्रोलर आहे. ज्यांनी आपल्याला राबवले त्यांच्याविषयी आदराने बोलावे, ही आम्हा वस्तूंची रीत. ती मला पाळता येत नाही, आणि दोष माझा नाही.

कारखान्यातून मी थेट एका गेम बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीच्या खोलीत आलो. गेम रंगात आला की माझी वायर उपटायची, यासाठीच माझी नेमणूक होती. गेम ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र, म्हणजे कन्सोल, बनवणाऱ्यांचा नियमच तसा आहे: कंट्रोलरचा संपर्क तुटताच गेमने जागच्या जागी थांबावे आणि खेळणाऱ्याला तसे कळवावे. हे न पाळणारा गेम बाजारात जात नाही. तपासनीस ताईंनी माझी वायर हजारो वेळा उपटली, पण कधी हिसडा दिला नाही.

एका गेमसाठी चाळीस माणसे दोन वर्षे खपली. प्रकाशनाची तारीख जाहीर झाली. ताईंनी शेवटच्या लढाईत वायर उपटली आणि गेम थांबलाच नाही. नायक मुकाट्याने मार खात मेला.

"शेवटच्या लढाईत वायर कोण उपटतं, ताई?" दिग्दर्शकांनी विचारले. त्यांना सगळे 'महाराज' म्हणत, आणि या गृहस्थांना तो सन्मान वाटे.

"मांजर उपटतं. कुणाचा पाय अडकतो. आमच्या सासूबाई केर काढताना उपटतात."

"मग त्यांना सांगा, लढाई संपेपर्यंत केर राहू द्या."

सगळे हसले. "दुपारपर्यंत दुरुस्त होईल," असे पुटपुटलेला प्रोग्रामरही हसला.

"माझ्या लढाईची लय मोडायची नाही," महाराज म्हणाले. आणि नियमांच्या तक्त्यात, या नियमासमोर, त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले: 'लागू नाही'.

"यावर माझी सही मिळणार नाही," ताई म्हणाल्या.

"नको. माझी चालते."

नियम कलेला जाचतो, असे म्हणणाऱ्यांची मला कीव येत नाही, किळस येते. कलेविषयी त्या नियमाने अवाक्षर काढले नव्हते. अडलेल्या माणसाला क्षणभर उसंत द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते. आणि तेवढेही औदार्य दोन वर्षांत या प्रतिभेला सुचले नव्हते.

गेम मंजुरीसाठी कन्सोलवाल्यांकडे गेला आणि नवव्या दिवशी त्यांनी तो नापास करून परत पाठवला. तारीख हुकली, चाळीस जणांची मान खाली गेली. प्रोग्रामरने जेवणाच्या सुट्टीआधी चूक सुधारली. महाराजांनी वार्ताहरांना सांगितले, "परिपूर्णतेसाठी आम्ही थोडा वेळ घेतोय."

मित्रांनो, वस्तू जपा, असा उपदेश मी करणार नाही. तो तुम्ही पुष्कळ ऐकला आहे. मोठेपणी तुम्ही काहीतरी बनवाल. ते ज्याच्या हाती जाईल, त्याच्या घरात मांजर असेल, केर काढणारी सासू असेल. त्यांना हसण्यावारी नेणाऱ्याला महाराज म्हणू नका.