तोलाच्या जागी सैतान

केसांना रंग लावला की तो मुरेपर्यंत गिऱ्हाइकाने काय करायचं, हा प्रश्न बाकीच्या पार्लरवाल्यांनी जुनी मासिकं ठेवून सोडवला. माझ्या वहिनीने टॅरोचे पत्ते ठेवून सोडवला. डोक्याला डाय, गळ्याभोवती टॉवेल, कानामागे तपकिरी ओघळ, अशा अवस्थेत बाई खुर्चीत अडकलेली असते. पळून जायची सोय नाही. मग वहिनी ट्रॉलीवरचे कंगवे बाजूला सारते आणि तिच्यापुढे तीन पत्ते मांडते. पहिला घडीचा, दुसरा वाटेचा, तिसरा तोलाचा. म्हणजे आयुष्याची घडी कशी बसवायची, पुढची वाट कुठली, आणि हे सगळं करताना तोल कसा सांभाळायचा. सगळं एका डायच्या पैशात, वर चहा.

मी तिची नणंद. कापणं, धुणं, वाळवणं माझ्याकडे; नशीब तिच्याकडे. "नशीब नाही गं," ती दर वेळी म्हणते, "पत्ता फक्त प्रश्न विचारतो. उत्तर माणसाने द्यायचं." मी म्हणते, वा! मग पत्ते कशाला हवेत, प्रश्न तर आमची आईसुद्धा दिवसभर विचारते.

त्यात वहिनीची जुडी म्हणजे नुसता साखरेचा डबा. त्याला कारण आहे. जुडी अगदी नवी असताना बँकेतल्या एका मॅडमना घडीच्या जागी मृत्यू आला, घोड्यावर बसलेला सांगाडा. "मृत्यू म्हणजे खरा मृत्यू नव्हे हो," असं वहिनी म्हणेपर्यंत मॅडम आजारी सासऱ्यांच्या काळजीने डोक्यावरच्या डायसकट घरी पोचल्याही होत्या. सासरे ठणठणीत. मॅडमच्या केसांचं मात्र वाटोळं झालं. त्याच दिवशी वहिनीने मृत्यू, कोसळणारा मनोरा, सैतान आणि पाठीत दहा तलवारी खुपसलेला तो बिचारा, असे चार पत्ते काढून तुटक्या क्लिपांच्या खणात टाकले. तेव्हापासून आमच्याकडे कुणाचंच काही वाईट होत नाही. ज्याला त्याला सूर्य, तारा, नाहीतर सिंहाला कुरवाळणारी बाई.

आणि अशा या सुखाच्या दिवसांत माझा दादा परत आला.

दादा म्हणजे वहिनीचा नवरा. तीन वर्षांपूर्वी 'मोठा धंदा' करायला परगावी गेला होता. मोठा धंदा म्हणजे काय ते आम्हाला कधी कळलं नाही, बहुतेक त्यालाही नाही. त्या तीन वर्षांत वहिनीने एका खुर्चीच्या तीन खुर्च्या केल्या, घर चालवलं आणि माझ्या आईची, म्हणजे तिच्या सासूची, दुखणी काढली. दादा एका सकाळी नवा शर्ट घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी बदललोय." शर्ट बदलला होता हे तर दिसतच होतं.

पण आई! दादा गेल्यापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. चार घास चिवडायची आणि ताट सारायची. तो आला आणि ती पुन्हा मागून वाढून घ्यायला लागली. तिच्या हातातल्या बांगड्या जरा घट्ट झाल्या तेव्हा मला खरंच रडू आलं. त्यामुळे दादाबद्दल मी तोंडातून ब्र काढला नाही.

मग त्याने कागद आणला. दुकान वहिनीच्या नावावर. कागदात असं, की यापुढे दुकानाचे सगळे व्यवहार दादाने बघायचे. "तू किती राबशील गं?" तो वहिनीला म्हणाला. "तू नुसती गिऱ्हाइकं बघ. कटकटी माझ्यावर सोड." असा प्रेमळ नवरा दुर्बीण लावून शोधला तरी सापडायचा नाही. वहिनी म्हणाली, "बघू. उद्या दुपारी सही करते, पत्ते काढून."

त्याच संध्याकाळी मी एका बाईंचे केस वाळवत होते. मागच्या बाजूला, बेसिनपाशी, दादा फोनवर होता. ड्रायरच्या आवाजात कुणाला काही ऐकू जाणार नाही असा त्याचा हिशेब. पण केस वाळले आणि मी ड्रायर बंद केला. दादाला ते कळायला जरा वेळ लागला.

"सही उद्या होईल," तो म्हणत होता. "झाली की चावी तुमची. खुर्च्यांसकट घ्या. बायकोचं काय? अहो, ती पत्त्यांत रमलीये."

बाईंनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं."

रात्रभर विचार केला. वहिनीला सांगावं, तर आईच्या ताटात माती कालवल्यासारखं. आणि सख्ख्या भावाविरुद्ध बोलायचं? लहानपणी शाळेतून येताना माझं दप्तर त्याच्याच खांद्यावर असायचं. न सांगावं, तर वहिनीचं सगळं आयुष्य तिच्या डोळ्यांदेखत विकलं जाणार. शेवटी मला एक अक्कल सुचली. मी म्हणजे काय, अकलेचा कांदाच. सकाळी लवकर जाऊन क्लिपांच्या खणातले ते चार पत्ते काढले आणि जुडीत सगळ्यात वर ठेवले. वहिनी स्वतःसाठी पत्ते काढते तेव्हा पिसत बसत नाही, वरूनच घेते, हे मला ठाऊक होतं. पत्तेच बोलतील, मला बोलायला नको, भाऊही शाबूत. ज्या पत्त्यांची मी इतकी वर्षं टर उडवली, त्यांच्याच पाया पडायची वेळ आली.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दादा मधल्या खुर्चीत ऐटीत बसला, स्वतःला आरशात बघत. वहिनीने ट्रॉली ओढली, कागद एका बाजूला, पेन त्यावर. मी कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या घालत होते. एकाच टॉवेलची.

"घडी," म्हणत वहिनीने पहिला पत्ता उलटला. मृत्यू.

आता बघा, मी मनात म्हटलं. वहिनी पत्त्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान. जुनं संपलं. आता नव्याने घडी बसणार."

"मी तेच म्हणत होतो!" दादा खूश.

"वाट." मनोरा. वीज पडलेली, माणसं खाली कोसळतायत. "जुन्या भिंती पडणार," वहिनी शांतपणे म्हणाली. "त्याशिवाय जागा मोकळी कशी होणार?"

"ही मधली भिंत तर पाडायचीच आहे," दादा म्हणाला. कुणासाठी पाडायचीये ते नाही म्हणाला.

"आणि तोल." तोलाच्या जागी सैतान. शिंगं, शेपूट सगळं जागच्या जागी, पायाशी साखळीने बांधलेले बाई आणि पुरुष. आता याचा तरी काय चांगला अर्थ लावणार, मी म्हटलं. वहिनी म्हणाली, "एकमेकांना बांधलेले दोघं. संसार म्हणजे आणखी काय असतं?"

अरे देवा! ही बाई सैतानालाही घरजावई करून घेईल! मी कपाळावर हात मारला, पण बोलले नाही. वहिनीने पेनाचं टोपण काढलं. कागद पुढे ओढला. एकदा मान वर करून आरशात बघितलं. आरशात दादा नव्हता, मी होते. मग ती कागदावर वाकली.

"सही करू नकोस!" मी ओरडले. हातातला टॉवेल कुठे गेला कुणास ठाऊक. "तो दुकान विकतोय. काल फोनवर सौदा केलाय, खुर्च्यांसकट. मी माझ्या कानांनी ऐकलं."

दादाचा चेहरा उतरला, मग चढला. "काहीतरी बरळू नकोस. सख्खी बहीण ना तू माझी?"

"हो, सख्खी. म्हणूनच कालपासून गप्प बसले, लाज वाटतेय मला. वहिनीला विकताना तुला वाटली का?"

तो वहिनीकडे वळला. "तू हिचं ऐकणार?"

वहिनीने पेनाला टोपण लावलं. कागदाचे सावकाश दोन तुकडे केले, मग चार, आणि कापलेल्या केसांच्या टोपलीत टाकले. दादा पुष्कळ काही बोलला. सगळं सांगण्यासारखं नाही. 'तुम्हा दोघींना बघून घेतो' हे शेवटचं. दार इतक्या जोरात आपटलं की वरची घंटी बराच वेळ वाजत राहिली.

मी खुर्चीत बसले. वहिनीने ते तीन पत्ते उलटे केले आणि बाकीच्या जुडीशेजारी ठेवले.

"बघ," ती म्हणाली.

सगळ्यात वरचा एक सोडला, तर जुडीतल्या प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर डायचे डाग होते. ग्लोव्हज काढायचा बाईसाहेबांना कंटाळा, त्याच बोटांनी पत्ते वाटते. हे तीन मात्र कोरे करकरीत. क्लिपांच्या खणात त्यांना कोण हात लावणार?

"पहिला उचलतानाच कळलं, वन्सं," ती म्हणाली. रागावली की ती मला वन्सं म्हणते. "मृत्यू घुसवलास, मनोरा घुसवलास, सैतान घुसवलास. पण तोंड उघडवेना?"

"तुला माहीत होतं?"

"तीन वर्षांत ज्याने मेलीस का जगलीस विचारलं नाही, त्याला अचानक माझ्या कटकटींची दया आली. मी काय दूधखुळी आहे?"

"मग सैतानाला संसार कशाला म्हणालीस!"

"तू कधी बोलतेस ते बघत होते."

"आणि नसते बोलले तर?"

ती ट्रॉलीवरचे कंगवे परत जागेवर लावत राहिली. मला वाटलं, आता हसेल, म्हणेल की गंमत केली.

"केली असती सही," ती म्हणाली. "त्या घरात माझ्या बाजूने एक शब्द बोलणारं कुणी नसेल, तर मी कुणासाठी राबतेय? जाऊ दे म्हटलं असतं. चावी टाकली असती आणि निघून गेले असते."

उत्तर माणसाने द्यायचं, हे ती इतकी वर्षं सांगत होती, आणि मी विनोद करत होते.

"आईला कोण सांगणार?" मी विचारलं.

"तू. आता जीभ सुटलीच आहे."

"वहिनी, माझ्यासाठी एक पत्ता काढ ना." माझ्या तोंडून हे शब्द ऐकायला बँकेतल्या मॅडम हव्या होत्या.

तिने जुडीतला वरचा पत्ता माझ्यापुढे टाकला. चौथा, अर्थातच. पालथा पडलेला माणूस, पाठीत दहा तलवारी.

"याचा चांगला अर्थ सांग," मी म्हटलं.

"अर्थ असा, की याहून जास्त तलवारी पाठीत मावत नाहीत." ती जरा हसली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पण घरी गेल्या गेल्या सांगू नकोस. आधी आईंना पोटभर जेवू दे."