महिपतीचा पाय

तार आली तेव्हा वेणीमाधव तालमीतच होता. तो म्युनिसिपालिटीत कारकून. त्याच्या अंगात कुस्ती कधीच नव्हती, पण कचेरी सुटली की मातीच्या हौद्याच्या कडेला येऊन बसायचं हा त्याचा सहा वर्षांचा नेम होता, आणि त्याला कारण एकटा महिपती. वैरागचा हा गडी अठराव्या वर्षी तिप्पण्णा वस्तादांच्या तालमीत आला आणि चोविसाव्या वर्षापर्यंत त्यानं मिरज, सांगली, कोल्हापूर गाजवलं. मागच्या दिवाळीनंतर एक राजेसाहेब त्याला आपल्याबरोबर विलायतेला घेऊन गेले होते. तिकडच्या दोन कुस्त्या त्यानं मारल्या, त्याची कात्रणं वेणीमाधवानं वहीत चिकटवून ठेवली होती.

तार राजेसाहेबांच्या सेक्रेटरीची, इंग्रजीत. वस्तादांनी ती वेणीमाधवाच्या हातात दिली आणि तालमीतले सगळे मातीच्या अंगानं भोवती उभे राहिले. महिपतीला गंभीर अपघात, पाय मोडला, पत्र मागून येत आहे, एवढा अर्थ त्याला लागला. पण मध्येच एक शब्द होता, ‘स्कीइंग’. असा शब्द त्यानं जन्मात वाचला नव्हता. मला हे येत नाही, असं म्हणायची त्याला लाज वाटली. ‘स्काय’ म्हणजे आकाश हे त्याला ठाऊक होतं. तारमास्तरनं एखादं अक्षर इकडचं तिकडं केलं असेल, असं त्यानं मनाशी धरलं आणि सांगून टाकलं, “आकाशातून पडलाय. विमानातून.”

दुसऱ्या दिवशी नवी पेठेच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली, माल लावायचं सोडून दुकानदार रस्त्यावर उभे होते. कुणी म्हणे विमान पेटलं, कुणी म्हणे विरुद्ध बाजूच्या पहिलवानानं ढकललं. आकाशातून पडून नुसता पाय कसा मोडला, हे कुणालाच कळेना. मग हळूहळू त्याचाच अभिमान वाटायला लागला. दुसरा कुणी असता तर जागीच खलास झाला असता, आपला महिपती म्हणून वाचला, असं लोक छाती काढून सांगू लागले. सिद्धेश्वराला अभिषेक झाला. वेणीमाधवाला रस्त्यात अडवून माणसं विचारत, विमान किती उंच होतं? तोही काहीतरी सांगे, आणि लगबगीनं पुढे सरके.

चौथ्या दिवशी मुंबईच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. प्रसिद्ध मल्ल महिपती हे स्वित्झर्लंडमध्ये पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरण्याचा खेळ खेळत असता पडले. वेणीमाधवानं त्या ओळी तीनदा वाचल्या. तालमीत जाऊन त्यानं आपली चूक कबूल केली, पण त्यानं गोंधळ मिटला नाही, वाढलाच. बर्फ म्हणजे लोकांना माहीत होता तो भुशात गुंडाळून येणारा, सरबतात घालायचा. त्याचा डोंगर कसला, आणि त्यावर फळ्या बांधून शहाण्या माणसानं का चढावं? विमानाची गोष्ट तरी पटत होती, असं दोघातिघांनी बोलून दाखवलं. वस्ताद मात्र एवढंच म्हणाले, “वैरागला कुनीतरी इमानाचं सांगितलंय. त्येच्या म्हातारीनं दोन दिस अन्न सोडलंय म्हनं.”

वेणीमाधव रजा टाकून मोटारीनं वैरागला गेला.

महिपतीची आई बजाबाई घोंगडीवर भिंतीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले. तिला त्यानं सावकाश सांगितलं की विमान नव्हतंच, ती माझी चूक, पोरगा बर्फावरून घसरला.

“बर्फ म्हंजी?”

“गारा पडतात ना, तसलंच. सगळा डोंगर तसला.”

गारा तिला माहीत होत्या.

“मग तितं त्यो गेला कशाला?” तिनं विचारलं. “त्याला कुनी चढीवलं का?”

या खेपेला वेणीमाधवानं उत्तर बनवलं नाही. माहीत नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि थोरल्या सुनेला भाकरी टाकायला सांगितलं. तिनं खाल्लं, तेवढं बघून तो परतला.

महिन्याभरानं महिपतीचं पत्र आलं. वस्तादांच्या नावावर, मराठीत, चौथी शिकलेल्या मोठ्या अक्षरात. ते वाचायचं कामही वेणीमाधवाकडेच आलं. पाय गुडघ्यात मोडला आहे, डॉक्टर म्हणतो कुस्ती संपली, हे त्यानं दोनदा वाचून दाखवलं. पण पुढचं त्याहून अवघड होतं. राजेसाहेब नको म्हणत होते, मीच हट्ट धरला, असं महिपतीनं लिहिलं होतं. आणि त्याखाली: “वस्ताद, येवढी वर्सं कुस्तीत मला कुनीतरी धरलेलंच असायचं. तितं मला कुनी धरलं नव्हतं. लई बरं वाटलं.”

तालमीतला एकजण म्हणाला, ह्यांनी पुन्हा चुकीचं वाचलं असंल. वेणीमाधवाला राग आला नाही. त्यालाही तसंच वाटत होतं. शेजारचा शिंपी गुरुलिंग याला बोलावलं, त्यानं बोट ठेवून ओळ वाचली. तेच निघालं. सहा वर्षं ज्याच्या मांडीला वस्तादांनी स्वतः तेल चोळलं, ज्याच्या खुराकासाठी आळीनं दूध घातलं, त्यानं तो पाय खेळात घालवला, आणि वर बरं वाटलं म्हणतो. रडावं की शिव्या द्याव्या? वस्ताद उठले आणि हौद्यातली माती फावड्यानं उलथीपालथी करत राहिले.

चैत्रात महिपती आला. स्टेशनावर दोन-तीनशे माणसं जमली होती. काठी टेकत तो डब्यातून उतरला, वाळलेला, दाढी वाढलेला. जयजयकार करायचा की नाही हे ठरेना, म्हणून नुसतीच गर्दी सरकून वाट झाली. वस्तादांनी त्याच्या गुडघ्याला हात लावून बघितला, दाबून बघितला, आणि तोंड फिरवून टांगेवाल्याला हाक मारली.

टांग्यात महिपतीला चढवताना वेणीमाधव अगदी जवळ होता. किती दिवस मनात धरलेली पन्नास वाक्यं होती. ती त्यानं तशीच सोडली.

“किती वेळ?” त्यानं विचारलं. “पडायच्या आधी किती वेळ घसरत होतास?”

महिपतीनं त्याच्याकडे नीट बघितलं. आजवर हे त्याला कुणी विचारलं नसावं.

“टांगा हितनं सिद्धेश्वराच्या तळ्यापतुर जातो की, त्याच्या निम्मा वेळ. जास्ती न्हाय.”

“एवढाच?”

“येवडाच,” महिपती म्हणाला, आणि हसू दाबायला त्यानं मान खाली घातली.

टांगा निघाला. गर्दीतले काही मागून चालू लागले, काही घरी वळले. वेणीमाधव दोन्हींतल्या कुणाबरोबर जावं हे न कळून थोडा वेळ स्टेशनाच्या पायरीवर उभा राहिला. मग झपाझप पावलं टाकत टांग्याच्या मागे गेला.