स्लॅब किती वर आला

गेजच्या काचेवर तिनं बोटानं हलकेच टिचकी मारली. कधीकधी काटा अडकून बसतो. पण तो अडकलेला नव्हता. काल संध्याकाळपेक्षा चक्क मागे आला होता.

"काय गं, बरं आहे ना सगळं?" खालच्या काकूंनी दारातूनच विचारलं. घर त्यांचं, पण कालपासून त्यांना स्वतःच्याच हॉलमध्ये पाय ठेवायला बंदी होती. स्लॅब कोसळलाच तर झेलायला हॉलभर लोखंडी टेकू उभे होते, छतापासून बोटभर खाली, आणि मधोमध, छताच्या पोटाला टेकवलेलं, हे घड्याळासारखं गेज.

"बघते," ती म्हणाली आणि जिना चढू लागली.

तिचं कामच हे होतं. जुन्या इमारतींच्या स्लॅबवर वाळूची पोती रचायची, एक दिवस तशीच ठेवायची, मग उतरवायची. वजनानं स्लॅब वाकतो, वजन काढलं की वर येतो. जेवढा वाकला त्याच्या पाऊण हिश्शाइतका तरी वर आला, तर त्याच्यात अजून जीव आहे. नाही आला, तर घरं रिकामी करायची. काटा ती वाचायची, निकाल साहेब लिहायचे. शिव्या मात्र सगळ्या तिच्याच वाट्याला यायच्या, कारण साहेब गाडीतून फारसे उतरत नसत.

या वेळी ज्या खोलीत पोती रचली होती, ती तिच्या बाबांची होती. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, असं तिनं साहेबांना आधीच सांगितलं होतं. "दुसरं आहे कोण? आणि काट्याला काय माहीत, बाप कुणाचा ते," साहेब म्हणाले होते. याच खोलीत ती लहानाची मोठी झाली. आई याच खोलीत गेली. बाबा शिंपी, सगळ्या बिल्डिंगचे कपडे त्यांनी इथंच बसून शिवले. पोती रचताना मजुरांना ते म्हणाले, "हिच्या आईचं कपाट यापेक्षा जड होतं. तेव्हा नाही कुणी गेज लावलं." मजूर हसले. ती हसली नाही.

भरलेला स्लॅब आपण होऊन वर येत नाही. थोडा आणखी वाकेल, फार तर आहे तसा राहील. वर आला याचा अर्थ कुणीतरी वजन काढलं. कुणी, हे तिला जिना चढता चढताच कळून चुकलं.

बाबा जिन्याच्या चौकात एका पोत्यावर बसले होते. एक हात कमरेवर. शेजारी आणखी तीन पोती आणि बाजूला अंथरायची चादर. चादरीवर घालून ओढत आणली होती.

"बाबा, हे काय?"

"काय म्हणजे? पोती आहेत."

"आत जायचं नाही म्हणून दोरी बांधली होती ना?"

"दोरी आहे की अजून. मी खालून गेलो."

"अहो, स्लॅब कोसळला असता म्हणजे?"

"नाही ना कोसळला." मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, इलॅस्टिक फार वेळ ताणून ठेवलं की सैल पडतं. तसंच राहतं मग. म्हटलं, याला जरा हलकं करू, म्हणजे नीट परत येईल."

तिला हसू आलं. ते चुकीचं बोलत नव्हते. पण ताणल्यावर परत येतं का, एवढंच तर बघायचं होतं.

"कुणी बघितलं?"

"खालच्या काकूंनी. त्या म्हणाल्या, अजून दोन काढा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "साहेब दुपारी येणार. तू काही बोलूच नकोस. नुसता काटा वाच. आजवर तुझ्याकडे काही मागितलंय मी?"

खरंच मागितलं नव्हतं. ती त्यांच्या शेजारच्या पोत्यावर बसली. चार पोती कमी म्हणजे वाक कमी, आणि बाबांचं घर वाचत होतं. कुणाला पत्ताही लागला नसता. बाबांना एकदा तरी काही देता आलं असतं, असं तिच्या मनात आलं आणि ते तिला फार हवंहवंसं वाटलं.

"बाबा, खाली काकूंचा नातू झोपतो," ती शेवटी म्हणाली. "बरोबर गेजच्या खाली."

बाबा बराच वेळ चादरीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "कर फोन."

तिनं साहेबांना फोन लावला. "टेस्ट बाद. पोती हलवली गेली. परत लावायला लागेल."

"कुणी हलवली?"

"बाबांनी."

साहेब म्हणाले, "कंबर ठीक आहे ना त्यांची?"

मधे काही दिवस जाऊ देऊन पोती पुन्हा चढली. तेवढे दिवस बाबा तिच्याकडे राहायला आले नाहीत. मुलीच्या संसारात अडचण नको, म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात झोपले. या वेळी कुणी पोत्यांना हात लावला नाही. पोती उतरल्यावर तिनं काटा वाचला, एक दिवस थांबून परत वाचला. साहेब स्वतः गाडीतून उतरले, टेकूंमधून वाकून आत शिरले आणि त्यांनीही वाचला. स्लॅब निम्माच वर आला होता.

"टेकू आहेत तोवर सामान काढून घ्या म्हणावं," साहेब म्हणाले आणि निकाल लिहायला बाहेर गेले.

अंगणात सगळी बिल्डिंग जमली होती. काकू म्हणाल्या, "बापाच्या घराची तरी पत्रास ठेवायचीस गं." बाबा गर्दीतून पुढे आले.

"किती आला?"

"निम्मा."

"काटा तू वाचलास?"

"हो. साहेबांनीही."

"साहेबांचं राहू दे. तू वाचलास ना?"

"हो, बाबा."

ते काकूंकडे वळले. "हिनं वाचलंय. आवरायला घ्या." मग एका मजुराला खूण करून वर गेले.

बराच वेळ कुणी जागचं हललं नाही. बाबा आणि मजूर शिवणाचं मशीन दोन्ही बाजूंनी धरून खाली आले, तेव्हा जिन्यातले लोक भिंतीला चिकटून उभे राहिले. ती धरायला पुढे झाली. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मशीन अंगणात टेकवून त्यांनी घाम पुसला, चाकात अडकलेला दोरा ओढून काढला.

"तुझ्याकडे उजेड कुठल्या खिडकीत असतो गं?"

"स्वयंपाकघराच्या."

"दुपारीसुद्धा?"

"दुपारीसुद्धा."

"मग चालेल," बाबा म्हणाले आणि उरलेलं आणायला वर गेले.