पेडगावच्या पांगुळगाड्याची लाज

मी एक जुना पांगुळगाडा आहे, मित्रांनो. तीन चाकं, बाभळीचा दांडा आणि मनात एक लाज, एवढीच माझी मिळकत. पेडगावच्या भुजंग सुताराने मला येडबा मेंढक्याच्या सांगण्यावरून घडवलं, तेव्हा येडबाचा मल्हारी नुकता उभा राहू लागला होता. मल्हारी शिकला, मग त्याच्या बहिणी, मग अख्खी आळी. लेकरू चार पावलं टाकून धपकन बसलं की बायका टाळ्या वाजवत. मी मात्र समजत होतो की टाळ्या माझ्यासाठीच आहेत.

मग लेकरं मोठी झाली आणि मी गोठ्याच्या छपरात कोंबड्यांखाली पडून राहिलो.

चौऱ्याहत्तर साली येडबाच्या अंगावरून वारं गेलं. डावा पाय लुळा पडला. कोसकोस मेंढरांमागे फिरलेला तो माणूस अंथरुणाला खिळला. त्याला सर्वांत जास्त सलत होती ती एकच गोष्ट. मल्हारी मेंढरं घेऊन पहाटे निघाला की बाहेरच्या बाजूला न्यायला घरात कोणी नसे. उरे ती सून केवळाबाई, आणि सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत.

केवळाबाईने मला खाली काढलं. दांड्याला उंच काठी बांधली, मी कलंडू नये म्हणून खाली दगड बांधला आणि पदर पुढे ओढून म्हणाली, "मामा, ह्याला धरून चला."

"म्या काय लेकरू हाय का?" येडबा पुटपुटला. पण गरज मोठी होती. त्याने मला धरलं.

आम्ही आळीत आलो, तर पारावर माणसांत बसलेला नागनाथ म्हणाला, "बघा रं, येडबाला आता दात बी यायलेत." सगळे खो-खो हसले. येडबाची मान खाली गेली. आणि मला, मित्रांनो, त्याचीच लाज वाटली. सुरकुतलेल्या हाताने मला धरावं, हे मला कमीपणाचं वाटलं. इतक्यात चाकात खडा अडकला आणि मी थांबलो. बरं झालं, असं मला वाटलं. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही.

येडबा तोंडावर आपटला. केवळाबाईने हात पुढे केला आणि रीत आठवून मागे घेतला. ती मल्हारीला बोलवायला रानात धावली. तो येईपर्यंत म्हातारा उन्हात पडून होता, धोतर ओलं झालेलं, आणि उठवायला कोणी आलं नाही. सगळ्यांनी तोंडं फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून येडबाने पाणी पिणं सोडलं. पाणीच प्यायलं नाही, तर बाहेर जावं लागणार नाही, हा त्याचा हिशेब. दोन दिवसांत त्याचे ओठ फुटले.

तिसऱ्या दिवशी केवळाबाईने माझ्या चाकांना करडईचं तेल घातलं. मग पदर कमरेला खोचला आणि सासऱ्याच्या काखेत हात घातला.

"हात लावतीस?" तो घाबरला. "लोक काय म्हनतील?"

"तुमी तुमच्या लेकराला चालायला शिकवलं, तवा लोकांला इचारलं होतं का? उठा, मामा. आधी पानी प्या."

तो पाणी प्यायला. मग आम्ही तिघं पारावरून गेलो. नागनाथ हसला, पण एकटाच. केवळाबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी कुठे अडलो नाही, पण त्यात माझं कौतुक नाही. चाकांत तेल होतं.

येडबा त्यानंतर दीड वर्ष जगला. गेला त्या सकाळीही तो आपल्या पायांनी बाहेर जाऊन आला होता.

मित्रांनो, लेकरू पडलं की आपण त्याला कडेवर घेतो आणि म्हातारं पडलं की तोंड फिरवतो. चालायला शिकणारे तर दोघंही असतात. तुमच्या घरातलं कोणी असं पडलं आणि तुम्हाला चारचौघांत लाज वाटलीच, तर वाटू द्या. पण आधी हात द्या.